सव्वासात ते आठ

पोपटच्या चहाच्या टपरीमागे एकशे सेहेचाळीस मोटारसायकली उभ्या होत्या. मी दोनदा मोजल्या. पहिल्यांदा वाटलं, कुणाकडे लग्नबिग्न असेल. पण डिसेंबरातल्या बुधवारी, सकाळी पावणेसातला, एमआयडीसीतल्या टपरीमागे कोण लग्न लावणार?

पलीकडच्या भिंतीला सायकली टेकवलेल्या होत्या. सगळ्या निळ्या, सगळ्यांच्या मडगार्डवर कंपनीचं नाव. त्या मीच वाटल्या होत्या, एकेकाशी हात मिळवून, फोटो काढून. प्रेस शॉपमधला दौलत गिते त्यातली एक ओढून बाहेर काढत होता. तो वळला तो थेट माझ्यासमोर.

“मॅडम! आज लवकर?”

“हे काय आहे, दौलत?”

“काय?”

“या गाड्या.”

त्याने गाड्यांकडे असं पाहिलं, जणू त्या आत्ताच जमिनीतून उगवल्या. मग म्हणाला, “नियम बघा ना मॅडम तुमचा. ‘जो कामगार महिन्यात वीस दिवस सायकलवरून मुख्य गेटातून आत येईल, त्याला एक जादा पगारी रजा.’ आम्ही गेटातून सायकलवरच येतो ना? सुटल्यावर परत इथं आणून लावतो. पोपट साखळी घालतो. एकही सायकल चोरीला गेली नाही अजून.”

नियम माझा होता. भाषाही माझीच होती, दोन दिवस बसून घासूनपुसून केलेली. टपरीपासून गेट पाचशे मीटर. आणि पिंपळदरी फाट्यापासून टपरीपर्यंतचे पाच किलोमीटर ही मंडळी डबलसीट, मफलर गुंडाळून, मजेत येत होती. मला भयंकर संताप आला. दौलतने तेवढ्यात सायकलवर टांग मारली आणि घंटी वाजवत निघूनही गेला.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि कार्मिक विभागात प्रोबेशनवर होते. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आजही चालू आहे. त्या वर्षी मला पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आपली माणसं कामावर कशी येतात हे कंपनीने बघायचं, त्याचा आराखडा करायचा आणि गाड्या कमी, सायकली आणि बस जास्त असं हळूहळू वळण लावायचं, हा विषय. मी अंगात आल्यासारखी परत आले. सहाशे चाळीस कायम कामगारांना प्रश्नावली वाटली. कँटीनजवळ अंघोळीची सोय करून घेतली, एक नंबर गेटला, म्हणजे मुख्य गेटला, पंक्चरचं सामान ठेवलं, कंपनीच्या बसची वेळ पाळीशी जुळवली, साहेबांच्या मागे लागून सायकली घ्यायला लावल्या. सगळे मला सायकल मॅडम म्हणायचे. मी स्वतः स्कूटीवर यायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचं हसून होईल.

पण हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी होता ते हसण्यासारखं नव्हतं. पिंपळदरी फाट्यापासून कंपनीपर्यंतचा रस्ता साडेपाच किलोमीटरचा. स्टीलची रिळं लादलेले ट्रेलर दिवसरात्र चालायचे आणि डांबराच्या कडेला वीतभर खाली खड्डा. सायकलवाल्याने उतरावं तर पडायचं, उतरू नये तर चाकाखाली जायचं. त्या एका वर्षात आमचे तीन कामगार जखमी झाले होते, त्यातला एक कायमचा घरी बसला. रस्त्याच्या कडेला सरकारी पट्टा मोकळा होता. रस्ता समितीकडे दोन प्रस्ताव होते. एक माझा, त्या पट्ट्यावर सायकलींसाठी वेगळा मार्ग. दुसरा ट्रक उभे करायच्या जागेचा. समितीने अट घातली होती: सकाळच्या वेळात तीनशे सायकली दाखवा, मार्ग तुमचा. नाहीतर पट्टा ट्रकवाल्यांना.

माझ्या तक्त्यात रोजची सरासरी तीनशे बारा होती. पडताळणीला उपअभियंता तडवीसाहेब दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी येणार होते.

मी तडक सरपोतदारसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते वर्क्स मॅनेजर. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटायची. मी टपरीचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तडवी कुठं बसून मोजणार?”

“एक नंबर गेटला. तसंच ठरलंय.”

“मग? गेटातून तीनशे बारा सायकली आत येतील. त्याने मोजाव्यात. खोटं काय आहे त्यात?”

“सर, ते टपरीपासून...”

“वैजयंती, मार्ग व्हायला हवा ना तुला?”

“हो.”

“झाला म्हणजे लोक वापरतील. आधी मार्ग, मग सायकली. तू उलटी बाजू धरून बसली आहेस.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. मी गप्प बसले, घरी गेले, जेवले, आणि आई काय झालं म्हणून विचारत राहिली तरी काही बोलले नाही.

गुरुवारी सहाला घरून निघताना फोन वाजला.

“दाभाडे मॅडम का? तडवी बोलतोय. मी गेटवर येत नाही. तीन किलोमीटरच्या दगडापाशी बसलोय. मार्ग रस्त्यावर करायचा आहे, तर मोजणीही रस्त्यावरच केलेली बरी. तुम्ही इकडेच या.”

दौलतला फोन लावला, उचलला नाही. आणखी दोघांना लावला. उचलणार कसे, गाडी चालवत होते.

तडवीसाहेब दगडाशेजारी घडीच्या स्टुलावर बसले होते. पन्नाशीचा सडपातळ माणूस, कानटोपी, मांडीवर वही, पायाशी थर्मास. सव्वासहाला त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.

“सव्वासहा ते सव्वासात. तुमच्या प्रस्तावात हीच वेळ आहे.”

“हो. पहिली पाळी सातची असते.”

धुक्यातून पहिला सायकलवाला आला, आमच्या स्टोअरमधले शिंपीकाका. तडवीसाहेबांनी एक रेघ मारली. मग बराच वेळ कुणी नाही. मग दोघं. मग एक दूधवाला सायकल हातात धरून चालत आला, मागच्या कॅनचा तोल जात होता म्हणून.

“हा?” मी विचारलं.

“स्वार असेल तरच धरायचं. ढकलणारा पादचारी होतो.”

साडेसहानंतर मोटारसायकली सुरू झाल्या. रांगच लागली. डबलसीट, मफलर, हसणं-खिदळणं. मी दिसले की हसणं बंद व्हायचं. काही जण मान वळवून पलीकडच्या शेताकडे बघत गेले. एकाने तर सवयीने नमस्कारही घातला. दौलतने मला पाहिलं, ब्रेक दाबला, पुन्हा सोडला आणि मान खाली घालून गेला. तडवीसाहेबांची पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली होती.

सात वाजले. तेवीस.

“दाभाडे मॅडम, तुमचे तीनशे बारा कुठल्या रस्त्याने येतात?”

आता खोटं बोलायचं तर काय बोलायचं, हेही मला सुचत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. टपरी, साखळी, पगारी रजा. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त थर्मासचं झाकण त्यांनी उघडून पुन्हा लावलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“काल.”

“काल फोन करायला हवा होता.”

“हो.”

माझे डोळे भरून आले. लाज आणि राग, दोन्ही. लोकांचा राग, सरपोतदारांचा राग आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तेवढ्यात समोरून एक ट्रेलर आला. आम्ही दोघंही नकळत मागे सरकलो. त्याच्या वाऱ्याने वहीची पानं फडफडली.

सव्वासातला तीन-चार मिनिटं कमी असताना एक बाई सायकल ढकलत आली. चाळिशीच्या आतबाहेरची, लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, हँडलला डबा. मागचं चाक पार बसलं होतं. आमच्यापाशी येऊन ती थांबली, दम घेतला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तुमीच का त्या सायकलवाल्या मॅडम?”

“हो. पंक्चर झाली का? पुढे गेटवर सामान आहे, मी सांगते...”

“त्ये एक नंबरला. आमाला तिथं येऊ देत नाहीत.” ती अगदी साधेपणाने म्हणाली. “कंपनीपाशी एक पंक्चरवाला हाय, त्यो करून ठेवतो. मॅडम, एक इचारू का? आमच्या सायकली कामून मोजत नाहीत तुमी?”

“तुमच्या म्हणजे?”

“तीन नंबर गेटाच्या.”

तीन नंबर गेट मागच्या बाजूला. माल तिथून येतो-जातो आणि ठेकेदाराची माणसं तिथून. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे इमारतीच्या नकाशावर माहीत होतं.

तडवीसाहेबांनी मान वर केली. “नाव काय तुमचं?”

“चंद्रकला हिवराळे. मूळ जिंतूरकडची. फाट्यावर खोल्या करून ऱ्हातो आमी सगळे.”

“सगळे म्हणजे किती? आणि सायकलवर येणारे किती?”

“सायकलवरच येतेत सगळे. दुसरं काय हाय आमाला? बस तर कायमवाल्याईची. मोजलं नाही कधी, पर दोनशाच्या लई वर असतेत. तीन नंबरला ठेवायला जागा पुरत नाही, एकीवर एक रचून ठेवतो. आठची पाळी आमची. ही पंक्चर म्हणून मी लवकर निघाले पायी. बाकीचे आता लागतेत बघा यायला.”

तीन महिने मी सायकलवाले शोधत होते. भित्तिपत्रकं लावली, शपथा घेतल्या, रजेचं आमिष दाखवलं. आणि रोज आठच्या आधी, मी कँटीनमध्ये दुसरा चहा घेत असताना, याच रस्त्यावरून दोनशेच्या वर माणसं सायकलवर येत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बक्षीस दिलं नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत त्यांना रकानाच नव्हता. आपले कामगार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक नंबर गेट यायचं.

तडवीसाहेबांनी वहीत आकडा लिहून खाली रेघ ओढली. “एकतीस. सव्वासात झाले.”

“साहेब, पाऊण तास थांबाल?”

“माझ्या आदेशात सव्वासातपर्यंत आहे. प्रस्ताव तुमच्या कंपनीचा. वेळ वाढवायची तर कंपनीचं पत्र लागेल. सहीनिशी.”

“सही कुणाची?”

“प्रस्तावावर कुणाची आहे?”

“माझी.”

“मग तुमची.”

माझ्या पिशवीत कंपनीची दोन कोरी लेटरहेडं होती. मी एक काढलं, पेन काढलं आणि तेवढ्यात आठवलं. दर महिन्याला कामगार कार्यालयात एक तक्ता जायचा: ठेकेदारामार्फत कामावर असलेली माणसं, नव्वद. ठेकेदार यादी पाठवायचा, मी खाली सही करायचे. त्याचा परवाना शंभर माणसांचा होता. मी एकदाही तीन नंबर गेटला जाऊन पाहिलं नव्हतं. दोनशेच्या वर सायकली या सरकारी वहीत गेल्या, तर माझी एक सही माझ्याच दुसऱ्या सहीला खोटं पाडणार होती.

फोन वाजला. सरपोतदारसाहेब.

“किती झाले?”

“एकतीस.”

मग तोच मऊ आवाज. “बरं. जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू. साहेबांना घेऊन गेस्ट हाऊसला ये, उपमा करायला सांगितलाय.”

“सर, आठच्या पाळीचे यायचेत अजून.”

“कोण आठचे?”

“ठेकेदाराचे.”

“ते आपले नाहीत.”

“सर, रस्ता तर हाच आहे.”

“वैजयंती, ऐक. त्यांचा तक्ता कोण पाठवतं?”

“मी.”

“किती लिहितेस?”

“नव्वद.”

“खाली सही?”

“माझी.”

“माझी नाही. तुझी. आणि तुझं कन्फर्मेशन माझ्या टेबलावर आहे, सोमवारी वर पाठवायचंय. उपमा गार होईल, या लवकर.”

फोन बंद झाला. मी लेटरहेड हातात धरून उभी राहिले. नोकरी जाईल याची मला भीती वाटली, खूप वाटली. वडील गेल्यावर घर माझ्यावर होतं. पण त्याहून वाईट एक विचार पाठोपाठ आला. मी चंद्रकलाबाईंना बाजूला घेतलं, जवळच्या छोट्या पुलाच्या कठड्यापाशी.

“बाई, नीट ऐका. कागदावर तुम्ही फक्त नव्वद आहात.”

“नव्वद?” तिने डोळे बारीक केले. “मंग बाकीचे कोन हाव आमी?”

“तेच. आज तुम्हाला मोजलं तर हे बाहेर येईल. ठेकेदार घाबरून माणसं कमी करेल. तुम्हालासुद्धा. मार्ग व्हायला दोन-तीन वर्षं लागतील आणि काम उद्याच जाईल. मी हे तुमच्यापासून लपवून सही करणार नाही.”

हँडलचा डबा तिने उगाच सरळ केला. लांबून फाट्याच्या बाजूने घंट्यांचा आवाज यायला लागला होता. तडवीसाहेब वही मिटून आमच्याकडे बघत होते. सात वीस झाले होते.

“मॅडम, तुमच्या कागदावर ह्या रस्त्याचे जखमी किती हायत?”

“तीन.”

“माही जाऊ हाय का त्यात? गेल्या आखाडात, ह्याच दगडापाशी. ट्रेलरनं खाली दाबली. गुडघ्यापासून पाय काढला तिचा. लक्ष्मी हिवराळे नाव.”

“नाही,” मी म्हणाले. “नाहीये.”

“मला वाटलंच.” तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. “ठेकेदार कमी करतो, परत बोलावतो. दरसाली करतो. पोरी मागं येऊलाल्या आहेत, माह्या भावाची पोरगी हाय त्यात, अठरा वर्साची. तिच्याकडं बघून रोज मागं वळून वळून चालवते मी. तुमी करा सही.”

“आणि बाकीच्यांचं काय? त्यांना विचारायला हवं.”

“त्यांना मी सांगते. तुमाला कुटं सवड हाय आता.”

मी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. ‘मोजणीची वेळ आठ वाजेपर्यंत वाढवावी. ठेकेदारामार्फत येणारे कामगार याच रस्त्याने सायकलवर येतात, त्यांचाही समावेश करावा.’ खाली सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं होतं की तडवीसाहेबांनी विचारलं, “ही तुमचीच ना?”

“माझीच.”

त्यांनी कागद वहीत ठेवला, स्टूल पुन्हा उघडलं आणि सात पंचवीस अशी वेळ लिहिली.

आणि मग ते आले. धुकं विरत होतं. आधी सात-आठ जण, मग वीस, मग रस्त्याची डावी कड पूर्ण भरून गेली. जुन्या काळ्या सायकली, लेडीज सायकली, हँडलला डबा आणि कॅरिअरवर माणूस बसवलेल्या सायकली. बायका शर्ट घालून, पदर खोचून, दोघी-दोघी बोलत. मागून ट्रेलरचा हॉर्न आला की अख्खी रांग एकदम कडेला चेपायची, एखादी सायकल खड्ड्यात उतरायची, बाई पाय टेकून पडता पडता सावरायची आणि पुन्हा चढायची. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तडवीसाहेब पाच-पाचाच्या रेघा मारत होते. त्यांना वेग झेपेना, तेव्हा मी मोठ्याने मोजायला लागले. एकशे दहा. एकशे पंचवीस. चंद्रकलाबाई माझ्या शेजारी आपली पंक्चर सायकल धरून उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होती, “सरळ चला, मदी थांबू नगा! मोजायलेत आपल्याला!”

“कामून?” एक म्हातारा विचारत गेला.

“सांगते दुपारी!”

मध्येच सरपोतदारांची पांढरी गाडी आली आणि रस्त्यापलीकडे थांबली. काच खाली झाली. ते उतरले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझी मोजणी चुकली. एकशे ऐंशी की एकशे पंच्याऐंशी?

“एकशे पंच्याऐंशी,” तडवीसाहेब वहीतून मान वर न करता म्हणाले. “पुढे.”

मी पुढे मोजलं. आवाज बसला होता, तरी मोजलं. थोड्या वेळाने पाहिलं तर गाडी निघून गेली होती. पावणेआठच्या सुमारास शेवटची सायकल गेली, एक पोरगेली मुलगी, ओढणी गळ्याभोवती घट्ट बांधलेली. तिने जाता जाता “आत्या!” अशी हाक मारली. चंद्रकलाबाईने हात हलवला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

आठ वाजता तडवीसाहेबांनी बेरीज केली, पुन्हा केली आणि वही माझ्यापुढे धरली. सव्वासातपर्यंत एकतीस. नंतर दोनशे शहाऐंशी. एकूण तीनशे सतरा. माझ्या खोट्या आकड्यापेक्षा पाच जास्त. मी त्याखाली साक्षीदार म्हणून सही केली. या वेळी अक्षर नीट आलं. मी मान वर केली तेव्हा चंद्रकलाबाई निघाली होती, सायकल ढकलत, भराभर. आठची पाळी चुकली म्हणजे तिचा अर्धा दिवस गेला होता आणि मी तिला साधं थँक्यूही म्हटलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी माझं कन्फर्मेशन वर गेलं नाही आणि पुढच्या शुक्रवारी मी पिशवी भरून बाहेर पडले. कामगार कार्यालयाने मला दोनदा बोलावलं. मी नव्वदच्या तक्त्यावर न बघता सही केली हे लिहून दिलं. माझ्यावर ठपका आला, ठेकेदाराला दंड झाला, आणि त्याने सत्तर माणसं एका दिवसात कमी केली. चंद्रकला हिवराळे हे नाव त्या यादीत पहिलं होतं. मी फाट्यावरच्या खोल्यांवर गेले तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, गावाकडे गेली. मी दारात उभी राहून रडले. शेजारीण बिचारी पाणी घेऊन आली.

आज मी दुसऱ्या शहरात हेच काम करते. कंपन्यांचे प्रवासाचे आराखडे. कुठल्याही कंपनीत गेले की पहिला प्रश्न विचारते, तुम्हाला गेटं किती? लोकांना तो विक्षिप्तपणा वाटतो.

मार्ग झाला. तीन वर्षं लागली. उद्घाटनाला मला बोलावणं नव्हतं, पण तडवीसाहेबांनी एका ओळीचं कार्ड पाठवलं, ‘पट्टा सायकलींना गेला.’ मला तिथे जायचा धीर व्हायला आणखी वर्ष गेलं.

गेले तेव्हा मुद्दाम सकाळची वेळ धरली. तीन किलोमीटरचा दगड तिथेच होता, फक्त आता तो रस्ता आणि सायकलमार्ग यांच्या मधल्या कठड्यात आला होता. मी तिथे टेकले. साडेसातनंतर सायकली सुरू झाल्या, सावकाश, गप्पा मारत. मागून ट्रेलर गेला तरी कुणी मान वळवत नव्हतं. मी नकळत बोटांवर मोजायला लागले.

साठपर्यंत आले असेन, तेवढ्यात एका सायकलचा वेग कमी झाला. शर्ट, डोक्याला रुमाल, हँडलला डबा. केस बरेच पिकले होते. तिने सायकल थांबवली नाही, नुसती हळू केली.

“मोजायलात का मॅडम?”

मी उभीच राहिले. किती दिवस मनात घोळवलेली माफी होती, ती तोंडात आलीच नाही. “हो,” एवढंच म्हणाले.

“मंग आज मला धरा,” चंद्रकलाबाई म्हणाली. “त्या दिवशी ऱ्हायले व्हते.”